ट्रॅक्टर दोन ट्रेलर ओढतो, पण दोन अडवतो का?

(शेतकी खात्याकडून)



कारखान्याचा पट्टा पडला की आपल्या ट्रॅक्टरवाल्या सभासदांना पुढच्या चार महिन्यांची काळजी लागते. बँकेचा हप्ता काही पट्टा पडला म्हणून थांबत नाही. मग कोणी मुरूम वाहतो, कोणी शेणखत वाहतो, आणि अलीकडे आपल्यातले बरेच जण घाट उतरून खाली कर्जत-खालापूरला जातात. तिकडे भात निघाल्यावर रिकाम्या खाचरांत वीटभट्ट्या लागतात, पार पाऊस सुरू होईपर्यंत चालतात. मातीला, भुश्श्याला, विटांना ट्रॅक्टर लागतो. भाडे रोख मिळते. जावे, त्यात गैर काही नाही. माझे आजोळच कर्जत तालुक्यातले, त्यामुळे त्या मुलखाची मला माहिती आहे आणि ओढही आहे.

पण दर वर्षी एक प्रश्न माझ्या टेबलावर येतो. ‘साहेब, हंगामात आपल्या रस्त्यावर दोन ट्रेलर चालतात. चिटबॉयपासून वजनकाट्यापर्यंत कोणी अडवत नाही. मग खाली नेताना दोन का चालू नयेत?’

या प्रश्नाला मी एकदा घाईत उत्तर दिले होते. ते उत्तर चुकीचे होते. म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

माझी चूक

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्च अखेर होती. आपले एक जुने सभासद, त्यांना आपण तात्या म्हणू, ऑफिसच्या दारात उभे राहिले. मी बिलाच्या याद्या तपासत होतो.

‘साहेब, कर्जतच्या भट्टीचं काम ठरलंय. दोन्ही ट्रेलर जोडून नेऊ ना?’

मी मान वर न करता विचारले, ‘रिकामेच आहेत ना तात्या?’

‘रिकामेच.’

‘मग न्या की.’

एवढेच बोलणे झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन निघाला. रिकामे म्हणता म्हणता ट्रेलरमध्ये चार कुटुंबांचा संसार चढला होता. पिठाची पोती, लाकूडफाटा, भांडी, डिझेलचा पिंप, नांगर, वर कडब्याच्या पेंढ्या. सोबतचा पोरगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, पुढच्या ट्रेलरच्या दांडीवर बसला होता. घाटाच्या उतरणीला डिझेल वाचवायचे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. खोपोलीच्या अलीकडच्या एका वळणावर ब्रेक दाबला तेव्हा ट्रॅक्टर थोडा थांबला, पण मागचा ट्रेलर थांबला नाही. त्याने पुढच्या ट्रेलरला ढकलले. पुढचा ट्रेलर आडवा होऊन ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला भिडला. दांडीवरच्या पोराचा पाय त्या दोघांच्या मध्ये सापडला.

जीव वाचला. पाय मात्र गुडघ्याच्या वर मोडला आणि आजही तो पोरगा लंगडतो. दवाखान्याचा खर्च तात्यांनी एक एकर ऊस गहाण टाकावा तसा करून भागवला. विम्याकडे गेले तेव्हा तीन प्रश्न विचारले गेले : दुसऱ्या ट्रेलरचा विमा आहे का? पोरगा दांडीवर का बसला होता? आणि हे काम शेतीचे होते का? तिन्हींचे उत्तर तात्यांना देता आले नाही.

तात्या मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण ‘न्या की’ हे दोन शब्द माझे होते, आणि ते माझ्या कानात अजून आहेत.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे आणि तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याआधी १९३९ चा कायदा होता. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल. आजच्या कायद्यातल्या चार गोष्टी ट्रेलरवाल्याने पाठ कराव्यात.

पहिली. ट्रेलर हे कायद्याच्या नजरेत स्वतंत्र वाहन आहे. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरचीही नोंदणी ट्रॅक्टरसारखीच करावी लागते. ‘ट्रॅक्टरच्या मागे लावला म्हणजे ट्रॅक्टरचाच’ हा समज चुकीचा आहे. दोन ट्रेलर असतील तर दोन नोंदण्या, दोन विमे.

दुसरी. याच कलमात असे सांगितले आहे की ट्रॅक्टरचा नंबर ट्रेलरवर, आणि एकापेक्षा जास्त ट्रेलर असतील तर रांगेतल्या शेवटच्या ट्रेलरवर दिसला पाहिजे. याचा अर्थ एकामागे एक ट्रेलर ही गोष्ट कायद्याला माहीत आहे. पण माहीत असणे म्हणजे सगळीकडे सरसकट परवानगी असणे नव्हे. पाहुण्याला घर माहीत असले तरी दार उघडायचे की नाही ते घरधनी ठरवतो. हा घरधनी कोण, ते पुढे सांगतो.

तिसरी. कलम १२३ प्रमाणे वाहनाच्या आतल्या जागेखेरीज बाहेर कुठेही माणूस बसवून नेता येत नाही. दांडी, मडगार्ड, हूक या बसायच्या जागा नाहीत. आपल्याकडे दांडीवर बसणे हा पोरांचा हक्कच होऊन बसला आहे. तो मोडून काढा.

चौथी. वजन. २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाचा कायद्यातला दंड २०,००० रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा झाला. जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही वाहनधारकाच्याच माथी. त्याआधी हा दंड २,००० रुपये आणि टनाला १,००० रुपये होता.

लायसन्सबद्दलही नेहमी विचारतात. ट्रॅक्टरचे लायसन्स असलेल्या माणसाने मागे ट्रेलर जोडला म्हणून त्याचे लायसन्स निकामी होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितले. पुढे २०१७ मध्ये, आणि पुन्हा ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने, हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स ७,५०० किलोच्या मर्यादेतल्या वाहनांना पुरते असा निर्णय दिला. ट्रॅक्टरच्या बाबतीत रिकामे वजन धरतात, आणि आपले ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असल्याने त्या मर्यादेच्या खूप आत आहेत. तेव्हा लायसन्सची चिंता पुष्कळ कमी झाली आहे. विम्याची आणि ब्रेकची चिंता मात्र तशीच आहे.

एकच कायदा, मग गावोगाव निराळे का?

मोटार वाहने हा विषय आपल्या राज्यघटनेत केंद्र आणि राज्य या दोघांच्या समाईक यादीत आहे. मूळ कायदा केंद्राचा. त्याखाली केंद्राचे १९८९ चे नियम आहेत आणि त्यांच्या जोडीला प्रत्येक राज्याचे स्वतःचे नियम आहेत. वाहनावरचा कर तर राज्याचाच विषय. म्हणून सीमेवरचे ट्रॅक्टरवाले कोल्हापूर-सांगलीकडून निपाणी-चिकोडीकडे ऊस नेतात तेव्हा रस्ता तोच असला तरी हद्द ओलांडताच कराचा आणि परवानगीचा कागद निराळा होऊ शकतो.

आता घरधनी कोण ते सांगतो. कलम ११५ वाचा. त्यात राज्य सरकारला, किंवा सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला, सार्वजनिक सुरक्षेसाठी किंवा एखाद्या रस्त्याच्या अथवा पुलाच्या स्वरूपामुळे ठरावीक वाहनांवर बंधन घालता येते. तिथे ‘ट्रेलरचा वापर’ असा स्पष्ट उल्लेख आहे. एखाद्या भागापुरता, एखाद्या रस्त्यापुरताही. आणखी एक बारकावा असा की एक महिन्याच्या आतली बंदी असेल तर ती राजपत्रात छापावी लागत नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केली तरी चालते. म्हणजे घरी बसून कागद वाचून भागत नाही. जिथे जायचे तिथे विचारावे लागते, रस्त्यावरचा फलक वाचावा लागतो.

तेव्हा सभासद बंधूंनो, मुख्य गोष्ट ही. दोन ट्रेलरची मुभा ट्रॅक्टरला चिकटलेली नसते. ती त्या रस्त्याला, त्या मालाला आणि त्या कामाला असते. आपल्या शिवारातून गव्हाणीपर्यंत जे चालवून घेतात, ते घाटाखाली चालेल असे नाही.

हे केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. जर्मनीत शेतीच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर चालतात, पण सगळ्यांची मिळून लांबी एका ट्रेलरच्या गाडीला ठरवून दिलेल्या मर्यादेतच बसली पाहिजे. इंग्लंडात शेतीचे दोन ट्रेलर एकदम न्यायचे तर ते रिकामे असावे लागतात. भरलेला असेल तर एकच. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने ठरावीक मोठ्या महामार्गांवर दोन ट्रेलरचे ट्रक सगळ्या राज्यांत चालू लागले, पण तीन ट्रेलरचे ट्रक काही राज्यांतच चालतात. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात साडेत्रेपन्न मीटर लांबीच्या ट्रकच्या माळा धावतात. त्याच माळेला शहरात मात्र येऊ देत नाहीत, वेशीवरच सोडवून एकेक डबा आत न्यावा लागतो. आपल्याकडेही २०२० साली केंद्राच्या नियमांत रोड ट्रेन म्हणून २५.२५ मीटर लांबीची जोडगाडी आली, पण ती ठरवून दिलेल्या मार्गांपुरतीच. आपल्या ट्रॅक्टर-ट्रेलरच्या जोडीला १९८९ च्या मूळ नियमांत लांबीची हद्द १८ मीटर होती. टेप घेऊन ट्रॅक्टरच्या नाकापासून मागच्या ट्रेलरच्या शेपटीपर्यंत मोजा. बाहेर लोंबणारे उसाचे शेंडेही त्यात धरा.

सगळीकडे तत्त्व एकच : सपाट, मोकळा, ओळखीचा रस्ता असेल तर जास्त मुभा. उतार, गर्दी, वळण आले की कमी.

ओढणे निराळे, अडवणे निराळे

आता असे का, ते हिशेबाने पाहू. सभासदांना हिशेब कळतो. काट्यावर दहा किलोचा फरक पडला तरी ते मला गाठतात.

समजा ट्रॅक्टर २ टनांचा आहे आणि प्रत्येक ट्रेलर मालासकट ९ टनांचा. दोन ट्रेलर धरून सगळे मिळून २० टन.

सपाट डांबरी रस्त्यावर हे २० टन चालते ठेवायला वजनाच्या साधारण दोन टक्के ओढ लागते. म्हणजे ४०० किलो. एवढी ओढ आपला ट्रॅक्टर सहज देतो. म्हणून आपल्याला वाटते की दोन ट्रेलर हे त्याला काहीच नाहीत.

आता उतरणीवर या. हिशेबाला १५ फुटाला १ फूट असा उतार धरू. वीस टनांचा पंधरावा हिस्सा म्हणजे सुमारे १,३३० किलो. एवढ्या जोराने ते ओझे खाली खेचले जाते. चाकांच्या घर्षणात त्यातले तीन-साडेतीनशे किलो खर्ची पडतात. उरतात हजार किलो. ते अडवायचे कोणी? आपल्याकडच्या बहुतेक ट्रेलरना स्वतःचे ब्रेक नाहीत. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. त्या चाकांवर ट्रॅक्टरचे दोन-तृतीयांश वजन, म्हणजे तेराशे किलो. कोरड्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या साठ-पासष्ट टक्के धरली तर साडेआठशे किलोच्या वर ब्रेक लागूच शकत नाही. त्यापेक्षा जास्त दाबला तर चाक थांबते, पण घसरत जाते.

खेचणारे हजार, अडवणारे साडेआठशे. दीडशे किलो कमी पडले. ते दीडशे किलो ट्रॅक्टरला दरीकडे नेतात.

आता एकच ट्रेलर जोडा. एकूण ११ टन. उताराची खेच सुमारे ७३० किलो, घर्षण वजा जाता साडेपाचशे. अडवणारे तेच साडेआठशे. ट्रॅक्टर थांबतो.

म्हणजे तोच ट्रॅक्टर, तोच ड्रायव्हर, तोच उतार. एका ट्रेलरला थांबतो, दोनाला थांबत नाही. रस्ता ओला असेल, टायर झिजलेला असेल किंवा ऑइल ब्रेकला लागले असेल, तर एकालाही थांबणार नाही. आणि न्यूट्रलमध्ये उतरला तर इंजिनाची जी अडवणूक मिळते तीही हातची जाते. चार रुपयांचे डिझेल वाचवताना आपण ब्रेकचा मोठा आधार सोडून देतो.

दुसरी गोष्ट वळणाची. ट्रॅक्टर वळतो त्यापेक्षा पहिला ट्रेलर आत कापतो आणि दुसरा त्याहून आत. घाटातल्या आखूड वळणाला ड्रायव्हरला वाटते आपण रस्त्यात आहोत, पण मागचे चाक गटारात किंवा समोरून येणाऱ्याच्या बाजूला असते. त्यात ब्रेक मारला की मागून ढकल बसते आणि गाडी घडी पडल्यासारखी मिटते. तात्यांच्या मुलाचे हेच झाले. ट्रेलर भरलेले नव्हते हे खरे, पण गाडी न्यूट्रलमध्ये होती, वेग वाढला होता आणि ब्रेक वळणात मारला होता. वेग दुप्पट झाला की थांबवायचा जोर चौपट होतो. हलके ओझेही मग हलके राहत नाही.

कर्जत स्टेशनवरचा धडा

कोणी आगगाडीने मुंबईहून पुण्याकडे आला असेल तर त्याला आठवेल. कर्जतला गाडी थांबते, लोक वडे घेतात, आणि तेवढ्यात बहुतेक लांबच्या गाड्यांना मागून इंजिने जोडली जातात. त्यांना बँकर म्हणतात. कर्जत ते लोणावळा हा बोरघाट रेल्वेला ३७ फुटाला १ फूट असा आहे. आपण हिशेबाला धरलेल्या उताराच्या निम्म्याहूनही तो कमी, तरी रेल्वे पुढच्या एका इंजिनावर विसंबत नाही. लोणावळा आले की बँकर सोडतात.

उतरताना तर रेल्वे त्याहून सावध असते. घाट उतरणाऱ्या गाड्या मध्ये थांबवून ब्रेक तपासतात. एखादी गाडी आवरेनाशी झालीच तर तिला वळवून घ्यायला चढाचा वेगळा फाटा ठेवलेला असतो. शिवाय आगगाडीच्या प्रत्येक डब्याला स्वतःचा ब्रेक असतो. इंजिनातून एक ब्रेक दाबला की शेवटच्या डब्यापर्यंत सगळी चाके आवळतात.

माझ्या लहानपणी आजोबा मला कर्जतच्या फलाटावर ही इंजिने दाखवायला न्यायचे. ते म्हणायचे, ‘चढायला जोर लागतो बाळा, उतरायला अक्कल.’ रेल्वेने १८६३ पासून हा घाट वापरून ती अक्कल मिळवली आहे. आपण बिनब्रेकचे दोन डबे दोन टनांच्या इंजिनाला बांधून त्याच डोंगरातून उतरायचे म्हणतो.

वीट म्हणजे ऊस नव्हे

घाटाखाली पोचल्यावरही दोन गोष्टींत आपली माणसे फसतात.

एक म्हणजे वजन. आपली नजर उसावर तयार झालेली. ट्रेलरच्या वर शीग लागली की भरला, असे आपण मानतो. वीट त्या नजरेला फसवते. एक वीट तीन किलोची धरली तर २,००० विटांचे ६ टन झाले, आणि ट्रेलर तरी अर्धाच दिसतो. मातीचेही तसेच. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ओली माती एका ब्रासला ५ टनांच्या घरात जाते. भट्टीवर ‘अजून दोन थर टाका’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. दंड भरायला त्यातला एकही येणार नाही. विटा मोजून भरा आणि नोंदणी पुस्तकातल्या वजनाशी ताडून पाहा.

दुसरी म्हणजे कामाचे स्वरूप. केंद्राच्या नियमांत शेतीचा ट्रॅक्टर म्हणजे शेतीची अवजारे चालवणारा आणि ट्रेलरमधून शेतीमाल वाहणारा, अशी व्याख्या आहे. त्यावरच आपल्याला सवलती मिळतात आणि त्यावरच स्वस्त विमा मिळतो. ऊस हा शेतीमाल. वीट नव्हे. भाड्याने वीट वाहायची तर ट्रेलरची नोंदणी, कर आणि विमा त्या कामाला जुळणारा लागतो. पॉलिसी काढून पाहा, तिच्यावर ‘शेतीकामासाठी’ असे लिहिलेले असेल. अपघात झाल्यावर सगळ्यात आधी विमा कंपनी तोच शब्द बोटाने दाखवते. कंपनीने जखमी माणसाला भरपाई दिली, तरी पुढे मालकाकडून ती वसूल करू शकते. म्हणजे एका दिवसाच्या भाड्यासाठी जमीन टांगणीला.

कर्जत-खालापूरचे रस्ते

नव्याने जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला बंदी आहे. एक ट्रेलर असो, दोन असोत की एकही नसो. जायचे ते जुन्या महामार्गाने. पण घाटात काही अंतर जुना रस्ता आणि द्रुतगती मार्ग एकत्र येतात. तिथून ट्रॅक्टर जाऊ देतील की नाही, कोणत्या वेळी आणि कोणत्या बाजूने, हे महामार्ग पोलिसांना आधी विचारल्याशिवाय घाटाला हात घालू नका. माझा सरळ सल्ला असा : ट्रॅक्टर आणि ट्रेलर ट्रकवर चढवून खाली न्या. तीन-चार जणांनी मिळून ट्रक केला तर खर्च अंगावर येत नाही. त्याहून सोपे म्हणजे ट्रेलर नेऊच नका, भट्टीमालकाकडून खालचाच ट्रेलर ठरवून घ्या.

कर्जत आणि खालापूर हे तालुके पनवेलच्या परिवहन कार्यालयाकडे येतात. शंका असेल तर तिथे विचारा. आपल्याकडच्या कार्यालयाने तोंडी सांगितलेले तिकडे चालेल, असे धरू नका.

खोपोली-पळसदरी-कर्जत, कर्जत-नेरळ, कर्जत-चौक हे तिकडचे नेहमीचे रस्ते. आपल्या कालव्याकाठच्या रस्त्यांसारखे ते सरळ नाहीत. चढ-उतार, वळणे आणि ओढ्यांवरच्या मोऱ्या आहेत. कर्जतला तीन बाजूंनी रेल्वे येते, तेव्हा जिथे फाटक लागेल तिथे पूर्ण जोडगाडी पलीकडे मावेल एवढी जागा दिसल्याशिवाय रुळावर चढू नका. शनिवार-रविवारी मुंबईची माणसे फार्महाऊसवर आणि माथेरानला येतात. त्यांना हळू चालणाऱ्या ट्रेलरची सवय नसते, अंधारात तर मुळीच नाही. या दोन दिवशी शक्यतो वाहतूक बंद ठेवा. मे महिन्याच्या अखेरीस एखादी वळवाची सर आली की भट्टीजवळच्या रस्त्यावर चिकण माती पसरते. त्यावर ब्रेक दाबणे म्हणजे साबणावर उभे राहणे.

निघण्यापूर्वी

हे दहा मुद्दे ड्रायव्हरला वाचून दाखवा. शक्य तर ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवा.

१. डोंगरी रस्त्यावर आणि उतरणीवर एकच ट्रेलर. भरलेला असो वा रिकामा.

२. ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेकचे पेडल खटक्याने एकत्र जोडलेले पाहिजेत. शेतात वळायला ते सुटे करतो आणि तसेच रस्त्यावर येतो. एकाच बाजूचा ब्रेक लागला की गाडी फिरते.

३. ज्या गियरमध्ये चढ चढला असता त्याच गियरमध्ये उतरा. न्यूट्रल नाही, क्लच दाबून ठेवायचा नाही.

४. वेग वळणाच्या आधी कमी करा. वळणात ब्रेक नको.

५. हुकाची पिन कंपनीची किंवा तेवढ्याच मजबुतीची हवी. पहारीचा तुकडा किंवा सळईचा गज चालणार नाही. पिनेला खालून क्लिप लावा. शिवाय ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांच्यामध्ये एक मजबूत साखळी बांधा.

६. प्रत्येक ट्रेलरच्या मागे दोन लाल रिफ्लेक्टर, दोन्ही बाजूंना. हा नियम १९८९ पासूनचा आहे. ते चिखलाने किंवा मालाने झाकलेले नसावेत. हंगामात उसाच्या शेंड्यांखाली ते हमखास झाकले जातात, म्हणून खाली लावा.

७. शेवटच्या ट्रेलरवर नंबर वाचता येईल असा रंगवलेला हवा.

८. दांडीवर, मडगार्डवर, विटांवर कोणी बसणार नाही. मजुरांची कुटुंबे एस.टी.ने किंवा जीपने न्या. ते भाडे मालकाने द्यावे.

९. दोन्ही ट्रेलरची नोंदणी पुस्तके, विमा आणि ड्रायव्हरचे लायसन्स बरोबर. मालवाहतुकीच्या वाहनाला ड्रायव्हरचे वय किमान वीस वर्षे लागते, हेही लक्षात ठेवा.

१०. वाटेत बंद पडल्यास चाकाखाली दगड लावा, पण निघताना तो दगड उचला. तुमचा राहिलेला दगड मागच्याचा काळ होतो.

शेवटी

कोणी म्हणेल, ‘साहेब, हे सगळं पाळलं तर कमाई अर्धी होईल.’ अर्धी होत नाही. एका ट्रेलरने खेपा वाढतात, डिझेल थोडे जास्त जाते हे मान्य. तो खर्च भाडे ठरवतानाच बोलून घ्या. खेपेला जास्त मागितले तर भट्टीमालक कुरकुरेल, पण देईल, कारण त्यालाही भट्टीवर पोलीस आलेले नको असतात. आणि ज्या खर्चाचा हिशेब आपण कधीच मांडत नाही तो तात्यांनी मांडला आहे. त्यांच्याकडे जाऊन विचारा, ते सांगतील. त्यांनी मला हे लिहायला परवानगी दिली आहे, एवढेच म्हणाले, ‘माझं नाव नको, पण पोराचं सांगा.’

त्या पोराला आपण काट्यावर नोंदी करायच्या कामाला घेतले आहे. हंगामात तो संध्याकाळी उभा राहून आत येणाऱ्या ट्रेलरचे रिफ्लेक्टर बघतो आणि नसेल तर बॅटरी दाखवून गाडी बाजूला घ्यायला लावतो. काही ड्रायव्हर त्याच्यावर चिडतात. चिडू नका. त्याला का वाटते ते आता तुम्हाला कळले.

यापुढे हंगामानंतर ट्रॅक्टर बाहेरगावी नेणाऱ्या सभासदांनी आपल्या गट कार्यालयात येऊन मार्ग, माल आणि ट्रेलरची संख्या सांगावी. आम्ही कागद तपासून देऊ, ब्रेक आणि हूक पाहून देऊ. त्याचे काही पैसे पडणार नाहीत. आणि मी मान वर करून उत्तर देईन, याची खात्री बाळगावी.



आपला,
ऊस विकास अधिकारी